मोटारीचा क्रमांक : हुकमाचा आणि हौसेचा

आमच्या वडिलांच्या स्कूटरचा क्रमांक २७४६ असा होता. तो त्यांनी निवडलेला नव्हता. नागपूरच्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीतून जो आकडा बाहेर आला तो त्यांनी मुकाट्याने घेतला, आणि कोपऱ्यावरच्या पेंटरकडून काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत रंगवून आणला. पुढे मात्र त्या आकड्याने आमच्या घरात असे बस्तान बसविले की, प्रवासाच्या बॅगेचे कुलूप, आईच्या खात्याची गुप्त खूण, आमच्या सायकलची साखळी, सर्वांस तोच आकडा चालू लागला. वडील गेले, स्कूटरही गेली. आकडा मात्र राहिला.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करीत आम्ही दिल्लीस स्थायिक झालो, त्यास आता बरीच वर्षे लोटली. काही दिवसांपूर्वी कर्ज काढून एक लहानशी मोटार घेतली. तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने सहज विचारले, “साहेब, नंबर मिळेल तो घेणार, की आवडीचा?” प्रश्न साधा होता, पण त्याने आमच्या मनात एक निराळेच कुतूहल जागे केले. गाडीचा क्रमांक ही सरकारने आपल्यावर ठेवलेली खूण. आरोपीने आपले कलम स्वतः निवडावे किंवा कैद्याने आपला बिल्ला पसंत करावा, असे कोठे घडत नाही. मग मोटारवाल्यालाच ही मुभा कोणी व केव्हा दिली? या प्रश्नाचा माग घेताना जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

*

वाहनावर क्रमांक घालण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकातच भाड्याच्या घोडागाड्यांवर परवान्याचे क्रमांक आले. आपल्या मुंबईतही १८६३ च्या कायद्याने भाड्याच्या गाड्यांस परवान्याच्या शिस्तीत आणले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रमांक होता तो भाड्याच्या गाडीला. धनिकाच्या खाजगी बग्गीला नव्हता. बग्गीची ओळख तिच्या दारावरील कुलचिन्हाने, घोड्यांच्या जोडीने आणि गाडीवानाच्या पागोट्याने पटत असे. क्रमांक म्हणजे सेवकाची खूण, असा जगभर समज होता.

मोटार आली आणि हा समज मोडला. घोड्याची गाडी पळून पळून किती पळणार? पण मोटार एखाद्याला धक्का देऊन क्षणार्धात दृष्टीआड होऊ लागली. आत बसलेला गृहस्थ चष्मा आणि टोपी घालून ओळखू न येणारा. तेव्हा पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने १४ ऑगस्ट १८९३ रोजी हुकूम काढला की, प्रत्येक यांत्रिक वाहनावर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेली धातूची पाटी असली पाहिजे. आजच्या क्रमांकपाटीची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. सबंध देशासाठी अशी व्यवस्था प्रथम हॉलंडने १८९८ मध्ये केली.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याची हकिकत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मौजेची आहे. तेथे १९०१ च्या कायद्याने मोटारमालकास नोंदणी सक्तीची केली. पण क्रमांक दिला नाही. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरे गाडीच्या मागे लावावीत, एवढेच सांगितले. कोणी ती चामड्यावर लावली, कोणी लाकडावर, कोणी पत्र्यावर. पहिल्या वर्षी ९५४ वाहने नोंदली गेली. परंतु एकाच आद्याक्षरांचे अनेक गृहस्थ निघणार, हे उघडच होते. त्यामुळे घोटाळा होऊ लागला आणि १९०३ पासून आकडे आले. म्हणजे ज्या नावाच्या पाटीसाठी आज लोक वेगळे पैसे मोजतात, ती अमेरिकेत मुळात पहिली होती, आणि गैरसोयीची म्हणून ती मोडीत निघाली होती!

*

इंग्लंडात ही गोष्ट सौदा होऊन घडली. १९०३ च्या मोटारकार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवरून २० मैलांवर नेली, आणि त्या बदल्यात प्रत्येक मोटारीस नोंदणी व क्रमांक सक्तीचा केला. १ जानेवारी १९०४ पासून कायदा अमलात आला. मोटारीच्या नोंदणीस एक पौंड आणि मोटारसायकलीस पाच शिलिंग पडत. जी वस्तू काल भाड्याच्या घोडागाडीच्या पाठीवर होती ती आज आपल्या गाडीवर यावी, हे मोटारवाल्या सरदारांना मुळीच रुचले नाही. वेग पाहिजे असेल तर ओळख द्या, असे कायद्याने त्यांना बजाविले. आमच्या मते या पाटीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय : उमराव आणि भाडोत्री गाडीवान प्रथमच एका वहीत, एकाखाली एक लिहिले गेले.

परंतु माणसाचा स्वभाव असा की, ज्या दिवशी त्याला रांगेत उभे केले त्याच दिवशी रांगेत पुढे कोण, हा प्रश्न उभा राहिला. लंडन परगण्याला ‘ए’ हे अक्षर मिळाले होते. ‘ए १’ हा क्रमांक आपल्याला मिळावा म्हणून अर्ल रसेल (तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू) रात्रभर कचेरीबाहेर तिष्ठत राहिले, अशी कथा सांगतात. देशातील पहिला क्रमांक तोच, असा समज पुष्कळ दिवस होता; वस्तुतः हेस्टिंग्जच्या कचेरीने ‘डीवाय १’ हा क्रमांक १९०३ च्या नोव्हेंबरातच देऊन टाकला होता. पण कथेचे मर्म निराळेच आहे. क्रमांक लावावा लागला याची लाज एका रात्रीत ओसरली, आणि पहिला क्रमांक आपला असावा ही हाव तेथे उभी राहिली.

पुढे या हावेचा बाजार झाला. मोटार जुनी होऊन मोडीत निघे, पण तिचा क्रमांक नव्या मोटारीवर चढवून विकला जाई. मधले दलाल गबर होत आहेत हे पाहून १९८९ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतःच दुकान मांडले आणि मनपसंत क्रमांकांची विक्री व लिलाव सुरू केले. एसेक्स परगण्याच्या कौन्सिलकडे १९०४ पासून असलेला ‘एफ १’ हा क्रमांक २००८ मध्ये ४,४०,६२५ पौंडांस गेला. २०१४ मध्ये ‘२५ ओ’ या पाटीस ५,१८,४८० पौंड आले. फेरारीच्या एका जुन्या व विख्यात मोटारीचे ते नाव असल्याने त्या कंपनीच्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने ती घेतली. आखाती देशांनी तर या सर्वांस मागे टाकले. २००८ मध्ये अबुधाबीत ‘१’ या आकड्याला ५ कोटी २२ लक्ष दिरहम, आणि २०२३ मध्ये दुबईत ‘पी ७’ ला ५ कोटी ५० लक्ष दिरहम पडले. या दुसऱ्या लिलावाचा पैसा भुकेल्यांच्या अन्नासाठी होता, एवढे त्यातल्या त्यात समाधान. हाँगकाँगमध्येही १९७३ पासून शुभ आकड्यांच्या लिलावाचे उत्पन्न धर्मादायाकडे जात आले.

*

अमेरिकेने मात्र आपली मूळची आवड सोडली नाही. पेनसिल्व्हेनियाने १९३१ मध्ये आद्याक्षरे पुन्हा लावू दिली. कनेक्टिकटने १९३७ मध्ये तीच सवलत दिली, पण ज्याच्या हातून वाहन चालविताना गुन्हा घडला नाही अशालाच. म्हणजे तेथे मनपसंत पाटी हे सद्वर्तनाचे बक्षीस होते. कॅलिफोर्नियाने १९७० पासून अशा पाट्यांचे शुल्क पर्यावरणरक्षणाच्या निधीत टाकण्याची पद्धत घातली. आज त्या देशात सात-आठ अक्षरांत माणसे आपले टोपणनाव, आपला धंदा, क्वचित आपला राग देखील गाडीमागे लावून फिरतात. गमतीची गोष्ट ही की, हे हौशी शब्द पुष्कळ राज्यांत तुरुंगातील कैदी पत्र्यावर ठोकतात. न्यूयॉर्क राज्याच्या पाट्या ऑबर्नच्या तुरुंगात होतात. एकाच्या स्वातंत्र्याची जाहिरात दुसऱ्याच्या बेडीतून बाहेर पडते, याला काय म्हणावे?

हौसेचे फळ कसे मिळते, याची एक गोष्ट तेथे प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गृहस्थाने पाटीसाठी अर्ज केला. अर्जात पसंतीचे तीन शब्द लिहावयाचे होते. त्याला नौकाविहाराचा छंद. म्हणून पहिले दोन शब्द त्याने त्यासंबंधी लिहिले, आणि ते न मिळाल्यास काहीच नको या अर्थाने तिसऱ्या जागी ‘नो प्लेट’ असे लिहिले. कचेरीने पहिले दोन नाकारून तिसरा मंजूर केला! पाटी नसलेल्या बेवारशी गाड्यांच्या चिठ्ठ्यांवर पोलीस नेमके हेच दोन शब्द लिहीत असत. त्यामुळे राज्यभरातील अशा सर्व गाड्यांच्या दंडाच्या नोटिसा या गृहस्थाच्या दारी येऊ लागल्या. त्यांची संख्या अडीच हजारांपर्यंत गेली असे सांगतात. आम्ही स्वतः कचेरीतले असल्यामुळे या गोष्टीत हसावे कोणाला, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. अर्जातील रकाना भरला आहे ना, मग तो मंजूर करावयाचा, हा कारकुनी न्याय आम्ही पुरता ओळखतो.

ही पाटी बोलते तेव्हा मालक बोलतो की सरकार, हाही वाद तेथे न्यायालयात गेला. २०१५ मध्ये टेक्सास राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की, राज्याने काढलेल्या विशेष नक्षीच्या पाट्या हे सरकारचेच बोलणे होय. कोणत्या संस्थेचे चिन्ह त्यांवर यावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे राहतो.

*

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई इलाख्याने मोटारींसाठी १९०४ मध्येच स्वतंत्र कायदा केला. बंगालचा १९०३ चा होता. सबंध हिंदुस्थानासाठी १९१४ चा कायदा झाला, त्यानंतर १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा. हा शेवटचा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९३९ च्या कायद्याने प्रत्येक प्रांताला अक्षरे वाटून दिली. १९८९ पासून राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याच्या कचेरीचा आकडा, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे अशी घडण स्थिर झाली. महाराष्ट्राला एमएच मिळाले. या दोन अक्षरांचे मोल महाराष्ट्रात राहणाऱ्यास कळावयाचे नाही. दिल्लीच्या गर्दीत पुढच्या गाडीवर एमएच ३१ दिसले की आमचे चित्त क्षणभर सीताबर्डीवर जाऊन येते. एमएच ०९ दिसले की गाडी कोल्हापूरची म्हणून शेजारी बसलेल्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. उलट मराठी घरे मात्र सर्वत्र निरनिराळ्या अक्षरांखाली नांदतात : इंदूरला एमपी ०९, बडोद्यास जीजे ०६, बेळगावी केए २२, तंजावरास टीएन ४९.

राज्यांच्या उलथापालथीही या पाट्यांनी नोंदून ठेवल्या आहेत. उत्तरांचलचे नाव २००७ मध्ये उत्तराखंड झाले आणि यूएचे यूके झाले. ओरिसाची ओडिशा झाली तेव्हा ओआर जाऊन ओडी आले. तेलंगणाने २०१४ मध्ये टीएस घेतले आणि २०२४ मध्ये ते टाकून टीजी धरले. इतिहासाच्या पुस्तकांना नव्या आवृत्त्या निघावयास वर्षे लागतात. रस्त्यावरचा इतिहास त्याआधीच बदललेला असतो.

आपल्या कायद्याने अक्षरे निवडण्याची मुभा कधीच दिली नाही. हौसेला चार आकड्यांची अरुंद फट तेवढी मोकळी राहिली. पण तेवढ्या फटीतूनही काय काय शिरले! कोणास पहिला मान म्हणून ०००१ हवा. कोणास श्रद्धेने ०७८६. कोणास ज्योतिषाने सांगितले म्हणून बेरीज नऊ येणारा. मराठी माणसाच्या कल्पकतेने तर आकड्यांची अक्षरे केली. ४१४१ असे वळवून रंगवावे की ‘दादा’ वाचता येते; २१४ चा ‘राम’ होतो; इंग्रजी आकड्यांतील ८०५५ चा ‘बॉस’ होतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय असावेत, असे सांगितले असतानाही पेंटरच्या कुंचल्याने हा खेळ पुष्कळ वर्षे चालविला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस कारखान्यातच ठशाची, अशोकचक्राची चकाकती मुद्रा असलेली, एकदा बसविली की न निघणारी पाटी सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती लावण्याची मोहीम २०२५ मध्ये चालू होती. ‘दादा’ पुन्हा ४१४१ झाला. त्या पेंटर लोकांच्या पोटावर पाय आला, याची नोंद मात्र कोणत्याही अधिसूचनेत नाही.

न मागितलेला अर्थही कधी पाटीवर येऊन बसतो. २०२१ मध्ये दिल्लीत स्कूटरांच्या एका मालिकेची अक्षरे क्रमाने अशी जुळून आली की, त्यांतून एक असभ्य शब्द तयार झाला. ज्या मुलींना ती पाटी मिळाली त्यांस घराबाहेर पडणे अवघड झाले. महिला आयोगास त्यात लक्ष घालावे लागले. अक्षरे क्रमाने आली होती, नियम कोठेही मोडला नव्हता. तरी रस्त्यावर टोमणे सोसावे लागले ते त्या मुलींना.

आणि पैसा? सरकारांनी आवडीच्या आकड्यांचे दर ठरविले, बरेच ठिकाणी लिलाव मांडले. अर्जदाराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे, आकडा निवडावा, अनामत भरावी, ठरल्या दिवशी बोली करावी, आणि मिळाल्यास मुदतीत पैसे भरून विक्रेत्याकडे पत्र द्यावे, अशी ही रीत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या ०००१ या आकड्याचे शुल्क ४ लक्ष रुपयांवरून ६ लक्ष केले. केरळात २०१९ मध्ये एका मोटारीच्या ‘१’ साठी ३१ लक्ष रुपये मोजले गेले. चंडीगढमध्ये २०२२ साली एका गृहस्थाने ०००१ साठी १५ लक्ष ४४ हजार रुपये दिले. ज्या स्कूटरवर तो प्रथम लावावयाचा होता तिची किंमत ७१ हजार होती! २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणात ‘८८ बी ८८८८’ या क्रमांकाची बोली १ कोटी १७ लक्षांवर गेली, आणि बोली करणाऱ्याने मुदतीत पैसे भरलेच नाहीत.

*

हे सर्व वाचीत असता आम्हांस दोन क्रमांक आठवले. ते दोन्ही कोणी लिलावात घेतलेले नाहीत.

पहिला ‘बीएलए ७१६९’. कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरील घरात नजरकैदेत असलेले सुभाषचंद्र बोस १९४१ च्या जानेवारीत, १६ तारखेच्या मध्यरात्री उलटून ज्या वाँडरर मोटारीतून निसटले, तिचा हा क्रमांक. पुतणे शिशिरकुमार यांनी गाडी हाकून त्यांस गोमोह स्थानकापर्यंत पोचविले. पोलिसांच्या वहीत नोंदलेला हा क्रमांक पोलिसांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. ती गाडी दुरुस्त करून २०१७ मध्ये कलकत्त्याच्या नेताजी भवनात लोकांपुढे पुन्हा ठेवण्यात आली.

दुसरा क्रमांक ‘डीएलई ६’. दिल्लीत लालबहादूर शास्त्री यांच्या स्मारकात १९६४ ची एक फियाट उभी आहे, तिचा. किंमत १२ हजार रुपये. देशाच्या पंतप्रधानांकडे बँकेत सुमारे ७ हजार होते. उरलेल्या ५ हजारांचे त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे त्यांचा अंत झाला तेव्हा ते फिटले नव्हते. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. एका रविवारी आम्ही त्या गाडीपुढे बराच वेळ उभे होतो. आमच्या खिशात आमच्याही मोटारीच्या कर्जाच्या हप्त्याची पावती होती, हे कारण असेल. एकेरी आकडा म्हणून आज बाजारात ‘६’ ला काय दर येईल, याचा हिशेब तेथे मनात आला आणि आमची आम्हांस लाज वाटली.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. स्वातंत्र्यानंतरही राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या गाड्यांवर क्रमांकाच्या जागी राजमुद्राच असे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, आणि त्या गाड्यांचीही नोंदणी होऊन क्रमांक दिसला पाहिजे, ही भूमिका केंद्र सरकारने मान्य केली. १९०४ मध्ये इंग्लंडात उमरावांच्या बाबतीत जे घडले, त्याची उरलेली पायरी आपण ही अशी चढलो. म्हणूनच लिलावाचा हा बाजार आम्हांस खटकतो. लिलावाने सरकारी तिजोरीत भर पडते हे खरे. हौसेवर कर बसवावा, अन्नावर बसवू नये, हेही खरे. आम्ही सरकारचे मीठ खातो, तेव्हा महसुलास नाक मुरडणे आम्हांस शोभत नाही. पण जी पाटी सर्वांना एका वहीत आणण्यासाठी जन्मली, तीच पाटी वहीतल्या पहिल्या ओळीची किंमत सांगू लागली, तर रस्त्यावरच्या शिपायाचा हात ०००१ पाहून वर होण्यापूर्वी क्षणभर अडखळणारच. पाटीच्या जन्माचे कारण त्या एका क्षणात हरवते.

*

आमच्या मोटारीचे काय झाले, हे सांगून आटोपतो. २७४६ मिळविण्याची इच्छा आमच्या मनात नव्हती असे म्हणणे खोटे होईल. आम्ही चौकशीही केली. परंतु बदलीच्या नोकरीत एक निराळी अडचण असते. कायद्याप्रमाणे वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवले की तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेला आकडाही बदलीच्या हुकमाबरोबर जाणार. यावर तोडगा म्हणून २०२१ पासून केंद्राने ‘बीएच’ म्हणजे भारत ही मालिका सुरू केली आहे. ती आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांना कार्यालयाचे ओळखपत्र दाखवून मिळते. त्यात राज्याचे नाव नाही. आणि क्रमांक निवडता येत नाही. यंत्र देईल तो घ्यावयाचा.

एमएच नाही याची हुरहूर वाटली. २७४६ नाही याचीही वाटली. अर्ज भरताना आम्ही पत्नीस तसे बोलून दाखविले. ती म्हणाली, “बाबांनी तरी कुठे निवडला होता?”

आम्ही अर्जावर सही केली. चौथ्या दिवशी क्रमांक आला. तो येथे लिहीत नाही. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. परवा मात्र आमच्या सात वर्षांच्या कन्येने आपल्या नव्या सायकलच्या कुलुपास कोणता आकडा लावला, म्हणून विचारले, तेव्हा तिने मोटारीचे ते चार आकडे न अडखळता म्हणून दाखविले.